चिऱ्याच्या भिंतीचा रंग

जुन्या विटांच्या घरांचा लाल रंग फोटोत फिका येतो, या तक्रारीला गोव्याकडून थोडी भर. इथल्या जुन्या घरांना वीट क्वचितच, भिंती जांभ्या चिऱ्याच्या. हा दगड सच्छिद्र, पाणी पितो. सर येऊन गेली की गडद तांबडा दिसतो. तेव्हाच फोटो काढा. ओल्या भिंतीची चकाकी पोलरायझर फिल्टरने (लेन्सवर लावायची, चमक कापणारी काच) बरीच कमी होते. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं कॅमेऱ्यातलं सेटिंग) ऑटोवर नको, बहुतेकदा तोच लाली घालवतो. चिऱ्याची भोकं उठून दिसायला सकाळचं तिरपं ऊन हवं. मला विचाराल तर रंगवलेल्या दर्शनी बाजूपेक्षा गिलावा पडलेला मागचा कोपरा देखणा! पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीत मात्र दारातल्या माणसांना आधी विचारा. कॅमेरेवाल्यांना ती वैतागली आहेत, आणि त्यांचं बरोबरच आहे.