पायाळू बाळ आणि खुब्याचा सांधा: हा दोष नेमका किती बाळांमध्ये आढळतो?

प्रश्न (कोरेगाव, जि. सातारा)
माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. ती पायाळू असल्यामुळे सिझेरियन करावे लागले. लंगोट बदलताना तिची डावी मांडी उजवीइतकी बाजूला उघडत नाही आणि त्या मांडीवर एक वळी जास्त दिसते. मालिशीला येणाऱ्या मावशी म्हणतात की बाळ अंगाने भरले की सगळे सारखे होईल. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर खुबे तपासल्याची नोंद नाही. बाळाचा खुबा जन्मतः सैल असण्याच्या किंवा खोबणीतून सरकण्याच्या दोषाबद्दल वाचायला गेले तर कुठे शंभरात एक, कुठे हजारात एक असे आकडे दिसतात. यांपैकी खरा आकडा कोणता?

उत्तर १ (बालरोगतज्ज्ञ, मिरज)
दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. मोजणी कोणत्या दिवशी केली, एवढाच फरक आहे. इंग्लंडमधील डॉ. बार्लो यांनी १९६२ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार जन्मल्यावर लगेच तपासलेल्या सुमारे ६० बाळांमागे एकाचा खुबा सैल आढळला. मात्र त्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक बाळांचा सांधा पहिल्या आठवड्यातच आणि ८८ टक्के बाळांचा दोन महिन्यांत आपोआप स्थिर झाला. उरले ते हजारी साधारण दीड.

ताई, हे सरसकट प्रमाण आपल्या मुलीला मात्र लावता येणार नाही. मुलींमध्ये हा दोष मुलांच्या चार-पाच पट आढळतो, डाव्या बाजूला अधिक आढळतो, आणि बाळ पायाळू असणे हे सर्वांत मोठ्या जोखमींपैकी एक आहे. प्रसूती सिझेरियनने झाली म्हणून ती जोखीम संपत नाही. वळ्यांना मी फारसे महत्त्व देत नाही, कारण त्या निरोगी बाळांतही कमी-अधिक असतात. मांडी कमी उघडणे मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नाही. या वयात मांडीच्या हाडाचा गोळा कूर्चेचा असल्याने तो एक्स-रेमध्ये नीट उमटत नाही, म्हणून खुब्याची सोनोग्राफी याच आठवड्यात करून घ्यावी.

उत्तर २ (तासगाव, जि. सांगली)
आमची मुलगी पायाळू नव्हती, म्हणून कोणाला शंका आली नाही. तिला काहीच दुखत नसे. चौदाव्या महिन्यात चालू लागली तेव्हा ती एका बाजूला झुकून पाऊल टाकते हे प्रथम तिच्या आजोबांनी हेरले. पुढे ऑपरेशन झाले आणि छातीखालपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आले. पाय फाकलेल्या स्थितीत असल्याने ती झोळीत मावेना. दोन उशा बाजेवर रचून तिला तिरके निजवावे लागे. आपले बाळ अजून त्या वयाचे नाही, ही मोठी जमेची बाजू आहे.

आणखी एक सांगतो. पाय सरळ ओढून दुपट्यात घट्ट बांधण्याची आपल्याकडची पद्धत खुब्याला घातक आहे. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास याविरुद्ध मोहीम निघाल्यानंतर या दोषाचे प्रमाण पुष्कळ घटले. कडेवर घेतलेल्या बाळाचे पाय जसे दोन्ही बाजूंना पसरतात, तशी स्थिती सांध्याला मानवते. अंग गुंडाळावे, पण कमरेखाली पाय हलायला मोकळे असावेत.

उत्तर ३ (आरोग्य सेविका, कराड)
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या जन्मजात दोषांची तपासणी होते, त्यांत खुब्याचा हा दोषही आहे. खर्चाची अडचण असेल तर आपल्या उपकेंद्रातून जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्यावी.

प्रश्नकर्ती
काल सोनोग्राफी झाली. डावा खुबा खोबणीतून अर्धवट बाहेर आहे आणि पाव्लिक पट्टा (बाळाचे पाय वाकवून मांड्या फाकलेल्या ठेवणारा पट्टा) बांधला आहे. डॉक्टरांनी तो सध्या दिवस-रात्र ठेवायला सांगितला असल्याने आंघोळीऐवजी अंग पुसून घेते. मावशींना पायाची मालीश थांबवायला सांगितले आहे. त्या थोड्या रुसल्या आहेत.