'आनुवंशिक' म्हणावं की 'गुणसूत्रीय'? आणि 'अवियोजन' म्हणजे घरगुती मराठीत काय?

प्रश्न
माझ्या मावसबहिणीच्या बाळाच्या गुणसूत्र तपासणीचा रिपोर्ट आला: 47, एक्सएक्स, +21. डाऊन सिंड्रोम. डॉक्टर घाईत म्हणाले, "आनुवंशिक आहे." लगेच सासूबाईंनी विचारलं, "आमच्याकडे तर असं कुणी नाही. तुमच्या घराण्यात होतं का?" बहीण दुपट्याचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसून राहिली. इथे 'आनुवंशिक' हा शब्द बरोबर आहे का? सोबतच्या पत्रकात 'अवियोजन' असंही छापलंय, ते घरी कसं समजावू?

उत्तर १
माझ्या मते इथे 'आनुवंशिक' चुकीचा आहे, आणि या चुकीचा त्रास नेमका आईला होतो. आनुवंशिक म्हणजे वंशातून चालत आलेलं. मराठीत आपण डीएनएशी संबंधित सगळ्यालाच हा शब्द लावतो, तिथे घोटाळा होतो. 'जनुकीय' म्हटलं तरी नेमकं बसत नाही, कारण यात जनुक बिघडलेलं नसतं, गुणसूत्रांची संख्या बदललेली असते. म्हणून 'गुणसूत्रीय'.

रिपोर्टमध्येच उत्तर आहे. नेहमीच्या 46 ऐवजी 47 आणि +21 म्हणजे एकविसावं गुणसूत्र सुटं, जास्तीचं आलंय. आईवडिलांकडून वारशाने येऊ शकतो तो स्थानांतरणाचा प्रकार, शंभरातल्या तीन-चार मुलांत दिसणारा. त्यात एकविसाव्याचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो आणि एकूण संख्या बहुधा 46 च भरते. इथे तसं नाही.

अवियोजन = अ + वियोजन, जोडी विलग न होणं. नॉनडिसजंक्शन हा मूळ शब्द कॅल्विन ब्रिजेस यांनी 1913 मध्ये फळमाशीच्या लिंगगुणसूत्रांबद्दल वापरला. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होतानाच्या विभाजनात, 23 जोड्यांतलं एकेक गुणसूत्र दोन टोकांना जातं. एकविसावी जोडी एकाच बाजूला गेली की त्या बीजात 24 गुणसूत्रं होतात. दुसऱ्या पालकाच्या बीजातून 23 आली की 47. टर्नर (45, एक्स) आणि क्लाइनफेल्टर (47, एक्सएक्सवाय) या सिंड्रोममागेही हीच गडबड असू शकते. घरी 'जोडी सुटली नाही' असं सांगा.

उत्तर २
'गुणसूत्रीय' पटलं, 'जोडी सुटली नाही' पूर्णपणे पटलं नाही. स्त्रीबीजाचं हे विभाजन ती बाई स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच सुरू होतं आणि मध्येच थांबतं, ते बीज बाहेर पडायच्या वेळेपर्यंत. तेवढी वर्षं जोडी धरून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिनं विरत जातात. म्हणजे कित्येकदा जोडी वेळेआधीच सुटलेली असते आणि मग दोघं भलत्याच टोकाला ओढली जातात. वयाबरोबर धोका वाढतो तो यामुळे: विशीत साधारण दीड हजारात एक, चाळिशीत शंभरात एक. पण विशीतल्या आयांनाही अशी मुलं होतातच. मी 'वाटणी चुकली' म्हणेन. जोडी आधी सुटो वा न सुटो, वाटणी चुकते हे दोन्हीकडे खरं. आणि ही वाटणी कुणाच्या हातातली नसते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही कळतं.

प्रश्नकर्ती
काल 'वाटणी चुकली' असंच सांगितलं, रिपोर्टवरच्या 47 वर बोट ठेवून. सासूबाईंनी पुन्हा एकदा आकडा वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे हिने काही केलं नाही." बहिणीने पहिल्यांदाच मान वर केली.