शेवटच्या सेकंदाची बोली

ऑनलाइन लिलावात शेवटच्या दहा सेकंदांत बोली टाका, असा सल्ला अनेकदा देतात. ईबे या लिलावाच्या साइटवर तो ठीक आहे. पण जिथे उशिरा बोली आली की वेळ आपोआप वाढते, तिथे त्याचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा आपली कमाल रक्कम ठरवून तीच एकदा बोली म्हणून टाकावी. ईबे ती सगळी लगेच लावत नाही, समोरच्याच्या बोलीवर एकेक टप्पा चढवत जातं. रक्कम ठरवताना पाठवणावळ आणि परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्कही धरा, 'स्वस्त' कॅमेरा तिथेच महागात पडतो. विक्रेत्याच्या चांगल्या अभिप्रायांची नुसती टक्केवारी बघू नका, वाईट अभिप्राय वाचा. आजवर किरकोळ पेनं विकणारा अचानक महागडे लॅपटॉप काढतो, तेव्हा मी तरी लांबच राहतो. आणि 'साइटबाहेर पैसे पाठवा, सूट देतो' म्हणणाऱ्याची सरळ तक्रार करा. तसे दिलेले पैसे बुडाले तर साइट हात वर करते.