‘निसर्ग’ने मुंबईचे काही बिघडवले नाही, म्हणून इशाराच खोटा ठरतो का?

वाडीकर
‘चार फांद्या पडण्यासाठी दोन दिवस हाकाटी’ अशा शीर्षकाखाली दादरवासी यांनी ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाविषयी काल जे लिहिले, ते वाचून गप्प बसवले नाही. त्या दुपारी मी दिवेआगरजवळच्या आमच्या घरात होतो. साडेबारानंतर आधी कौले गेली, मग पडवीचे पत्रे गेले. आईला आम्ही माजघरातल्या पलंगाखाली बसवले. मध्येच वारा एकदम पडला आणि संपले म्हणून आम्ही अंगणात आलो, तोच तो उलट्या दिशेने उठला आणि आधी नुसत्या कललेल्या पोफळी त्याने मधोमध मोडल्या. वडिलांनी लावलेल्या आगरात संध्याकाळी उभ्या पोफळी मोजायला दोन हातांची बोटे पुरली. आपल्या खिडकीतून दिसल्या तेवढ्याच फांद्या पडल्या, असे कृपया समजू नये.

दादरवासी
आपल्या नुकसानीविषयी मला खेद आहे, परंतु त्याने माझा मुद्दा खोटा ठरत नाही. सुरुवातीच्या अंदाजात हरिहरेश्वर ते दमण हा किनारा आणि ३ जूनची संध्याकाळ किंवा रात्र सांगितली होती. अडीचशे किलोमीटरहून लांब पट्टा सांगितल्यावर अंदाज चुकणार तरी कसा? शिवाय वादळ आले भरदुपारी. आमच्या इमारतीतल्या ज्या वृद्धांनी दोन दिवस धास्तीत काढले, ते पुढच्या इशाऱ्याला हसतील, आणि त्याची जबाबदारी कोणाची?

नकाशावेडा
अंदाज रोज सुधारला जातो, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. आदल्या दिवशी अलिबागच्या आसपास आणि दुपारी, असे स्पष्ट सांगितले होते. उत्तर गोलार्धातल्या वादळाच्या वाटचालीच्या उजव्या अंगाला वारा अधिक जोराचा असतो. ‘निसर्ग’ ईशान्येकडे सरकत होता, त्यामुळे श्रीवर्धन, मंडणगड, दापोली त्या अंगाला आले आणि मुंबई डावीकडे राहिली. वाट जेमतेम शंभर किलोमीटर वर सरकली असती, तर आपण आज हा लेख लिहिला नसता. मात्र एक खरे, की दोन दिवस सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे मुंबईच्या चौपाट्यांवर होते आणि वादळ पट्ट्याच्या अगदी दक्षिण टोकाला शिरले.

होडीवाला
माणसे कमी दगावली याचे सगळे श्रेय इशाऱ्याला देऊ नका. १ जूनपासून मासेमारी बंद असते, आमच्या होड्या शाकारून किनाऱ्यावर होत्या. ११ नोव्हेंबर २००९ला ‘फयान’ चक्रीवादळ आले तेव्हा आमची माणसे समुद्रात होती. तेव्हा आम्हाला बंदरावरचा धोक्याचा बावटा दिसला नाही, की दिसूनही आम्ही गेलो, यावर आमच्या घरात आजही भांडण होते.

आगरी माणूस
इशाऱ्याचे पुराण पुरे झाले. वादळानंतर काय झाले, ते कोणी बोलणार आहे का? फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले, तेव्हा शहरातल्या लोकांना ते भरघोस वाटले. आमची वाडी दहा गुंठ्यांची, म्हणजे हाती पाच हजार. तेवढ्यात पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीसुद्धा निघाली नाही.

वाडीकर
त्यावर ओरड झाल्यावर झाडामागे दर ठरला, माडाला २५० आणि पोफळीला ५० रुपये. सहा-सात वर्षे पाणी घालून वाढवलेल्या पोफळीचे मोल पन्नास रुपये! पंचनाम्याला आलेल्या गृहस्थांनी आमची मुळासकट उपटलेली झाडे मोजली आणि मधून मोडलेली ‘उभी’ धरली.

दादरवासी
हा धागा इशाऱ्यांविषयी आहे, भरपाईविषयी नाही. आपण रडगाणे गात आहात.

आगरी माणूस
रडगाणे? आमच्या आळीत वीज यायला महिना उलटला, तोवर मोबाइल चार्ज करायला आम्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीपाशी रांग लावत होतो. आपल्याकडे दहा मिनिटे वीज गेली तर आपण काय गाता, तेही एकदा सांगावे.

भुवनेश्वरकर
नोकरीनिमित्त मी ओडिशात राहतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे ऐकवतो. १९९९च्या महाचक्रीवादळात येथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१९च्या ‘फनी’च्या आधी बारा लाख लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. त्यासाठी गावोगावी पक्के निवारे आणि दारोदार जाणारे स्वयंसेवक लागले, आणि फुकट गेलेले इशारे सोसण्याची सवयही लागली. येथे वादळ वळले तर लोक शिव्या देत नाहीत, घरी जाऊन भात शिजवतात. पण झाडे येथेही वाचली नाहीत. ‘फनी’नंतर पुरीच्या वाटेवर माडांचे नुसते बुंधे उभे होते.

नकाशावेडा
म्हणजे अंदाजाने माणूस वाचतो, आगर वाचत नाही. आगरी माणसाचा राग मला आता थोडा समजतो, जरी त्यांनी तो चुकीच्या ठिकाणी काढला असला तरी.

दादरवासी
ठीक आहे. शीर्षकातला ‘हाकाटी’ हा शब्द मी मागे घेतो. ‘चार फांद्या’ मात्र राहू द्या, कारण आमच्या गल्लीत खरोखरच चार पडल्या होत्या, मी मोजल्या होत्या.

वाडीकर
मोजल्या असतील. मुळासकट होत्या की मोडलेल्या, तेवढे नोंदवून ठेवा, पंचनाम्याला लागते.