खानापुरात सीएमई (डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचा कार्यक्रम) घ्यायची आहे, क्रेडिट अवरसाठी आयोजक कोण दाखवायचा? मदत हवी

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. उत्तर लवकर हवंय, तारीख तोंडावर आलीय. हॉल ठरला, वक्ते ठरले, जेवणाचंही सांगून झालं. क्रेडिट अवरसाठी, म्हणजे मेडिकल कौन्सिल धरते त्या शिक्षणाच्या तासांसाठी, अर्ज करायला बसलो आणि आयोजक संस्थेच्या मान्यतेपाशी अडलो. हे नवीन नियम कुणी पार पाडले असतील तर कसं करायचं ते सांगा.

घाटमाथा
डॉक्टर, यावरून काहीच कळत नाही. कौन्सिल कर्नाटकची की महाराष्ट्राची? आयोजक कोण? विषय कुठला? आणि खर्च कोण करतंय?

निपाणीचा_जीपी
एवढा खटाटोप कशाला? ऑनलाइन करून टाका. पाच वर्षांत ३० तासच लागतात, मी रात्री दवाखाना बंद केल्यावर घरी बसून पुरे केले.

मलप्रभाकाठ
ऑनलाइन नको सर. विषय सर्पदंश आहे. वीस मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट (रक्त गोठतं का ते बघायची) प्रत्येकानं स्वतः करून बघायला हवी. काचेची स्वच्छ, कोरडी नळी, दोन मिली ताजं रक्त, वीस मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू. आपल्याकडं कुणी प्लास्टिकच्या नळीत रक्त घेतं, कुणी साबणानं धुतलेल्या. मग रक्त गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. हे स्क्रीनवर बघून हातात बसत नाही.
कौन्सिल कर्नाटकची. आयोजक आम्हीच, तालुक्यातले डॉक्टर. संघटना जुनी आहे, नोंदणी केलेली नाही.

नियमपुस्तक
मग अडलं ते इथंच. आणि हा नियम नवीन नाही हो. २००२ च्या आचारसंहिता नियमांत पाच वर्षांत ३० तास सांगितलेत आणि ते नामांकित व्यावसायिक शैक्षणिक संस्थांनी किंवा अधिकृत संस्थांनी घेतलेल्या कार्यक्रमांतले हवेत. नोंदणी नसलेला गट त्यात बसवणं अवघड. सरळ वाट म्हणजे मेडिकल कॉलेजचा मेडिसिन विभाग किंवा आयएमएची (डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेची) शाखा आयोजक दाखवा, तुमची संघटना सहआयोजक. बेळगावात जेएनएमसी आणि बिम्स ही कॉलेजं आहेत. विभागप्रमुखांना जाऊन भेटा.

घाटमाथा
खर्चाचं अजून सांगितलं नाही तुम्ही.

मलप्रभाकाठ
हॉल आणि जेवण एक औषध कंपनी देतेय. त्यात काय अडचण?

शहापूर_क्लिनिक
अडचण कसली, कार्यक्रमच विसरा! २०२३ मध्ये एनएमसीनं (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं) कंपन्यांचा पैसा बंद केला.

नियमपुस्तक
अर्धवट सांगू नका. ते नियम २ ऑगस्ट २०२३ ला आले आणि २३ ऑगस्टला स्थगित झाले. २००२ चेच परत लागू आहेत.

शहापूर_क्लिनिक
आणि मार्च २०२४ ची संहिता? ती विसरलात की!

नियमपुस्तक
विसरलो नाही. ती यूसीपीएमपी, औषधांच्या मार्केटिंगची संहिता, कंपन्यांसाठी आहे. परदेशातल्या सीएमई बंद. इथल्या चालतात, पण झालेला खर्च कंपनीनं आपल्या वेबसाइटवर जाहीर करायचा. प्रवास आणि मुक्काम फक्त वक्त्यांचा करता येतो, श्रोत्यांचा नाही.

निपाणीचा_जीपी
म्हणून सांगतोय, ऑनलाइन करा.

घाटमाथा
सर, ऑनलाइन का नको ते त्यांनी वर लिहिलंय. मलप्रभाकाठ, माझं ऐका. कंपनीला नम्रपणे नाही म्हणा आणि वर्गणी काढा. जेवणात बिर्याणीऐवजी भाकरी-पिठलं असलं तर काही बिघडत नाही. सर्पदंशाच्या व्याख्यानामागं कंपनीचं बॅनर मला तरी बघवत नाही.

सह्याद्री_वैद्य
आम्ही बीएएमएस. आम्हाला हे क्रेडिट मिळणार का?

नियमपुस्तक
नाही. तुमची नोंदणी आयुर्वेदिक बोर्डाकडं, हे तास मेडिकल कौन्सिलचे.

मलप्रभाकाठ
क्रेडिट नसलं तरी तुम्ही याच, मनापासून सांगतो. कणकुंबी, जांबोटीकडं पेशंट आधी तुमच्याकडंच येतो, बेळगावला पोचेपर्यंत तास-दीड तास जातो. खरं तर तुमच्यासाठीच हा कार्यक्रम घ्यायचं डोक्यात आलं.

सीमावासी
आपण महाराष्ट्रात असतो तर मराठीत अर्ज करता आला असता. १९५६ पासून हेच चाललंय.

घाटमाथा
दादा, दुखणं सगळ्यांचंच आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

ऊसपट्टा
कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नाटकात सर्पदंश नोंदणीयोग्य केलाय. खासगी दवाखान्यांनीही प्रत्येक पेशंट आरोग्य खात्याला कळवायचा. निम्म्या डॉक्टरांना पत्ता नाही. कार्यक्रमात अर्धा तास यासाठी ठेवा, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना बोलवा.

मलप्रभाकाठ
हे फार चांगलं सुचवलंत. आजच त्यांना फोन करतो. कंपनीला नकार कळवला. कॉलेजच्या मेडिसिन विभागात बोलणं झालं, ते आयोजक व्हायला तयार आहेत. तारीख पुढं ढकलावी लागणार, अर्ज त्यांच्या नावानं नव्यानं जाईल. वेळापत्रक आणि वक्त्यांचे नोंदणी क्रमांक मागितलेत. नियमपुस्तक सर, आणखी काय जोडू?

नियमपुस्तक
वक्त्यांचं संमतीपत्र जोडा. हजेरीपत्रकावर नावापुढं कौन्सिल नोंदणी क्रमांकाचा रकाना ठेवा आणि सह्या येताना एकदा, जाताना एकदा घ्या. नाहीतर जेवून सगळे पसार होतात.

तिलारी
आम्ही चंदगडचे पाच-सहा जण येऊ म्हणतोय, नोंदणी महाराष्ट्राची. आमचे तास धरतील?

नियमपुस्तक
कार्यक्रमाचा तपशील जोडून महाराष्ट्र कौन्सिलला आत्ताच ईमेलनं विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. प्रमाणपत्रावर कर्नाटक कौन्सिलचं नाव, तारीख आणि तास छापून घ्या.

तिलारी
ईमेल आज करतो. तास धरोत न धरोत, येणार हे नक्की. काचेच्या नळ्या आम्हीही घेऊन येऊ का?