मदत हवी आहे: ९० गुणांचा गेम डोळे झाकून घ्यावा का?

खेळगडी:
एकट्याने खेळायचा, कथाप्रधान ओपन वर्ल्ड (मोठ्या जगात हवं तिथे फिरता येणारा) गेम पीसीसाठी घ्यायचाय. दोन नावं उरलीत: मेटाक्रिटिकवर (समीक्षकांच्या गुणांची शंभरपैकी सरासरी देणारी साइट) एकाला ९१, दुसऱ्याला ८६. पण ९१वाला स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) खेळणाऱ्यांच्या रिव्ह्यूंत 'मिक्स्ड' म्हणजे संमिश्र दिसतोय. समीक्षकांच्या गुणांवरून दर्जा कितपत कळतो? दोन्हीकडचे आकडे जुळत नसतील तर कोणाचं ऐकायचं?

जॉयस्टिकराव:
खालच्या टोकाला आकडा भरवशाचा, वरच्या टोकाला नाही. ५०च्या खाली गेलेला गेम बहुधा खरोखरच फसलेला असतो, कारण क्रॅश होणं, सेव्ह उडणं, कंट्रोल न ऐकणं हे सगळ्यांनाच टोचतं. ८०च्या पुढे आवडीनिवडीचा खेळ सुरू होतो. 'डेथ स्ट्रँडिंग' (२०१९) पीएस४वर (सोनीचा कन्सोल) ८२ आहे, पण त्याला पैकीच्या पैकी देणारेही होते आणि जेमतेम पास करणारेही. सरासरीत ते भांडण दिसतच नाही.

८६ की ९१ यावर तर अजिबात अडू नका. पाचपैकी चार तारे तिथे ८० होतात, 'बी' श्रेणीचे ७५ होतात, आणि कोणत्या प्रकाशनाला किती वजन दिलंय हे मेटाक्रिटिक सांगत नाही. ओपनक्रिटिक ही तशीच दुसरी साइट साधी सरासरी काढते आणि किती टक्के समीक्षक शिफारस करतात तेही दाखवते. तुमच्या कामाला ती बरी.

खरी मेख वेगळीच आहे: गुण कोणत्या प्लॅटफॉर्मचे आणि कधीचे? 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती. पीसीचे गुण ८६, पीएस४चे नंतर ५७ झाले, आणि आठवड्याभरात सोनीने गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. 'बॅटमॅन: आर्कम नाइट'चं (२०१५) उलटं: कन्सोलवर कौतुक, पीसीवर मात्र इतकी दैना की विक्रीच थांबवावी लागली. म्हणून पीसीचाच आकडा बघा.

खेळगडी:
आणि नंतर पॅच (दुरुस्तीचे अपडेट) आले असतील तर?

जॉयस्टिकराव:
मेटाक्रिटिक प्रकाशनाचा पहिलाच गुण धरतं, मागाहून बदलत नाही. 'नो मॅन्स स्काय' पीएस४वर अजून २०१६चे ७१ घेऊन बसलाय, गेम मात्र सुधारून कुठल्या कुठे गेला. उलटंही घडतं: 'क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड'मध्ये (२०१९) खरे पैसे घेणारं गेममधलं दुकान आलं ते रिव्ह्यू छापून झाल्यावर.

फ्रेममोजणी:
'मिक्स्ड'बद्दल. स्टीमची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. ९५% म्हणजे शंभरातल्या ९५ जणांनी अंगठा वर केला, इतकंच. 'ठीकठाक आहे' म्हणणाराही त्यातच. 'मिक्स्ड' म्हणजे ४० ते ६९%. आता कारण शोधा. रिव्ह्यूंवरचा आलेख उघडा. एखाद्या दिवशी लाल पट्टी (नकारात्मक रिव्ह्यू) अचानक उसळली असेल तर त्या तारखेवर क्लिक करून तेवढेच रिव्ह्यू वाचा. मग 'प्लेटाइम'मध्ये किमान तास वाढवा आणि फक्त नकारात्मक ठेवा. 'शेडर कंपाइल होताना (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम तयार होताना) अडखळतो', 'दर वेळी लाँचरचं (गेम सुरू करणारं कंपनीचं वेगळं ॲप) लॉगिन मागतो' अशा तक्रारी सारख्या येत असतील तर त्या खऱ्या, आणि समीक्षकाच्या तगड्या मशीनवर त्या जाणवल्या नसण्याची शक्यता दाट. राग कंपनीच्या धोरणावर किंवा कथेतल्या वळणावर असेल तर तुम्हाला तो लागू आहे का ते तुम्हीच ठरवा. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'चे (२०२०) समीक्षकांचे गुण ९३ होते, तरी खेळ संपवायला लागणारा वेळही झाला नव्हता तेव्हापासून मेटाक्रिटिकवर वापरकर्त्यांच्या शून्यांचा पाऊस पडला. त्यानंतर मेटाक्रिटिकने वापरकर्त्यांचे रिव्ह्यू गेम आल्यावर ३६ तास थांबून मगच घ्यायला सुरुवात केली.

समीक्षक निवडायची एक सोपी चाचणी: तुम्ही पूर्ण केलेले पाच गेम घ्या, त्यातले दोन तुम्हाला न आवडलेले हवेत. त्या पाचांवरचे त्याचे रिव्ह्यू वाचा. न आवडलेल्यांबद्दलची कारणंही जुळली तर माणूस तुमच्या कामाचा. मग त्याचा आकडा बघूही नका, मजकूर वाचा.

शेवटी, स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांहून कमी खेळून झालेलं असेल तर परतावा मिळतो. सुरुवातीचं शेडर कंपाइल गेमच्या आत होत असेल तर तो वेळही या २ तासांत मोजला जातो. म्हणून ग्राफिक्स सेटिंगमध्ये रमू नका. सरळ गर्दीच्या, मोकळ्या भागात जाऊन फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात) बघा.

खेळगडी:
आलेख बघितला. लाल पट्टी गेल्या महिन्यातल्या एका पॅचच्या दिवशी सुरू होते.

फ्रेममोजणी:
मग पुढचा पॅच येईपर्यंत थांबा. तोवर ८६वाल्याचा आलेख असाच तपासा.