वीजकेंद्रांना एफजीडीतून सूट: विज्ञानाचा आधार किती पक्का?

हवामापक: डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने कोळशावरच्या वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. जुन्या संचांपैकी ५०० मेगावॉट व त्यावरच्यांना घनमीटरला २०० मिलिग्रॅम, लहानांना ६००. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना एफजीडीतून, म्हणजे धुरातला हा वायू काढून टाकणारी यंत्रणा बसवण्यातून, सूट मिळाली. समर्थनात मुख्य मुद्दा असा की, हवेतला हा वायू बहुतेक शहरांत मानकाच्या आतच आहे. आकडे बरोबर असतील, पण सूट देण्याइतकं त्यातून सिद्ध होत नाही.

मेगावॉट: आपल्या कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का, राख मात्र ३० ते ४५ टक्के. आधी ईएसपी (विजेच्या भाराने धुरातली राख प्लेटांवर ओढून घेणारं यंत्र) धड चालवा. प्लेटांवर राख साचते, ती झाडणारे हातोडे नीट पडत नाहीत, यंत्राचा एखादा टप्पा (फील्ड) बंद पडतो आणि धूर तसाच निघतो. एफजीडीला चुनखडी लागते, वीज लागते, शिवाय चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो.

हवामापक: हिशेब करू. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने तासाला सुमारे ३२५ टन कोळसा जाळतो. गंधक ०.४ टक्के धरलं तरी तासाला २.६ टन वायू. त्याला चुनखडी सुमारे ४ टन, त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड १.८ टन. कोळशातून निघतो तो ५०० टनांच्या घरात! ईएसपी वायू पकडत नाही. हाच वायू पुढे अमोनियाशी मिळून सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो, तेही शेकडो किलोमीटर दूर. २७५ मीटरच्या चिमणीखाली वायू मोजून ते कण कसे दिसणार?

राखपाणी: कण बनतात हे मान्य. पण हवेच्या नमुन्याच्या फिल्टरवर सल्फेट किती ते कळतं, कुठल्या चिमणीचं ते नाही. तो वाटा संगणकी मॉडेलमधून येतो. आर्द्रता, ऊन, अमोनियाची नोंद बदलली की उत्तर बदलतं. एवढ्यावर हजारो कोटी खर्च करायचे?

हवामापक: मग दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना सूट नाही, ही रेघ कुठल्या मॉडेलने दिली? अनिश्चितता दोन्ही बाजूंना लागू होते. चिमणीच्या उंचीचं सूत्रही (तासाला किलोत उत्सर्जन, त्याचा ०.३ घात, गुणिले १४) वरच्या ५०० मेगावॉटच्या संचाला १४८ मीटर सांगतं. उंच चिमणी जवळच्या गावाला वाचवते, वायू कमी करत नाही. आणि एफजीडी जमतं: डहाणूच्या वीजकेंद्रात २००७ पासून समुद्राच्या पाण्यावर ते चालतंय.

मेगावॉट: डहाणूला समुद्र आहे. चंद्रपूरला चुनखडी, सांडपाणी आणि जिप्समची विल्हेवाट, तिन्ही बघावं लागेल.

राखपाणी: निदान चिमणीवरच्या मापकांची पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद आणि कॅलिब्रेशनचे (मापक बरोबर मोजतो का, त्या तपासणीचे) दाखले खुले करा. मॉडेल त्यावर तपासता येईल.